तुम्ही विचारलंत म्हणून: संगीतात पीएच.डी. करता, मग गात का नाही?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गणपतीत आणि एकदा तर सदाशिव पेठेतल्या दातांच्या दवाखान्यात, तोंडात कापूस असताना, मला हा प्रश्न विचारला गेला आहे. मी गात नाही, असे सांगितले की समोरच्याला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. अशोक रानडे यांच्यासारखे स्वतः गाणारे अभ्यासक मराठीत होऊन गेले, तेव्हा न गाणे ही या विषयाची अट नव्हे. माझ्या बाबतीत तो केवळ गळ्याचा दोष आहे.

गाणे शिकणारा राग गळ्यात उतरवतो. मला मात्र तो राग कोणाकडून कोणाकडे गेला, कोणाच्या पैशावर ऐकला गेला आणि बैठकीच्या दाराबाहेर कोण राहिले, हे शोधायचे असते. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज ही संगीतसंस्था निघाली, १९११ मध्ये गायक भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाज सुरू केला, या नोंदी चरित्रग्रंथांत एकेका ओळीत आटोपतात. पण कोठीवरचे म्हणून हिणवले जाणारे गाणे पांढरपेशा घरातल्या मुलीने शिकण्याजोगे कसे ठरत गेले, हा प्रश्न त्याच ओळींत दडलेला आहे. तबकडीचेही तसेच. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे विस्ताराने रंगणाऱ्या गाण्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे यंत्राच्या मापाने ठरू लागले.

नोकरीचा प्रश्नही विचारला जातो. जागा थोड्या आहेत; अधिक बोलण्यासारखे काही नाही.

या विषयात मला ऐकायला शिकवले ते मात्र कोणत्याही तबकडीने नव्हे, तर जात्याने. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे वाचून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मीही रेकॉर्डर घेऊन मुळशी तालुक्यातल्या एका आजींकडे गेलो. जात्याच्या घरघरीत शब्द बुडत होते, म्हणून जाते थांबवून नुसती ओवी म्हणाल का, अशी मी विनंती केली. आजींनी खुंट्यावरचा हात काढला, पदर सारखा केला, पहिली ओळ म्हटली आणि दुसरीला अडल्या. “हात फिरल्याबिगार येत न्हाई, बाबा,” त्या म्हणाल्या.

मग मी रेकॉर्डरखाली गोधडीची घडी सरकवली आणि त्यांनी पुन्हा जाते ओढायला घेतले. घरी येऊन ते ध्वनिमुद्रण ऐकताना माझ्या लक्षात आले की ‘सांगते बाई’ किंवा ‘गं बाई’ असा भर जिथे येतो, तिथे बहुतेक वेळा घरघरही मंदावते, कारण तेव्हा आजींचा डावा हात सुपाकडे जाऊन मूठभर वैरण, म्हणजे दळायचे धान्य, जात्यात घालत असतो. कागदावर दोन ओळींत मावणारी ओवी अशी भर घेत, ओळ परत परत म्हणत मिनिटभर चालते. छापताना हा भर सहसा गाळला जातो, आणि तेच मला खटकते: शब्द उरतात, हात जातो. भातखंडे यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ देता येते. वैरणीसाठी खूण नाही, आणि ती असावी अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. माझ्या वहीत मी त्या जागी कंसात ‘वै’ एवढेच लिहितो.

आजींनीही निघताना विचारलेच होते, “तुला येती का एखादी?” मी नाही म्हणालो. “मंग वढ,” असे म्हणून त्यांनी खुंट्यावर माझ्या हातासाठी जागा केली. त्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या चार मिनिटांत घरघर मध्येच अडखळते आणि आजी ओवी तोडून हसतात. नोंदपत्रकात ‘कलाकार’ या रकान्यात मी त्यांचे नाव लिहिले, आणि बराच वेळ विचार करून त्याखाली ‘जाते: दोघे’ असे लिहिले.