तुम्ही विचारलंत म्हणून: गुरू एवढासाच दिसतो, मग बघायचा कशाला?

"एवढासा?" आमच्या परसातल्या दुर्बिणीला पहिल्यांदा डोळा लावणारे बहुतेक सगळे हेच म्हणतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: जूनो यानाने काढलेले गुरूचे इतके सुंदर फोटो फोनवर बघता येतात, तर तुम्ही थंडीत तीन-तीन तास बाहेर का बसता?

आधी 'एवढासा'बद्दल. माझी दुर्बीण सहा इंची आरशाची, साधी, हाताने फिरवायची. दहा मिलिमीटरच्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, ती गुरू 120 पट मोठा दाखवते. म्हणजे नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो त्याच्या अडीच पटींहून मोठा! काळोखात शेजारी मापाला काहीच नसतं, म्हणून तो वाटाण्याएवढा वाटतो. डोळ्याला सवय व्हायला दहा मिनिटं तरी द्यावीच लागतात. आधी फक्त दोन तपकिरी पट्टे दिसतात. मग मधेच हवा क्षणभर निवळते आणि पट्ट्याची कड सरळ नसून दातेरी आहे हे लख्ख कळतं. पुन्हा सगळं थरथरायला लागतं. त्या एका क्षणासाठी मी दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवते, आरसा थंड व्हावा म्हणून. रस्त्यावरचा दिवा आड करायला कपड्यांच्या दोरीवर जुनी चादर टाकते.

आणि गुरू थांबत नाही. दीड-दोन मिनिटांत तो आयपीसच्या या कडेवरून त्या कडेला सरकतो. खरं तर आपण फिरत असतो, तो नाही. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं. नळी बोटाने ढकलत गुरूला परत मधे आणताना ते मला हाताला कळलं.

2026 च्या फेब्रुवारीतली एक संध्याकाळ सांगते. साडेसातच्या सुमारास आयो हा चंद्र गुरूच्या कडेला टेकला. आधी टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा, मग नुसती शंका, मग काहीच नाही. तीनेक मिनिटांत तो गुरूमागे गेला. गुरूमागून सुटला तरी पुढे गुरूची सावली होतीच, त्यामुळे तो परत दिसणार होता तो थेट सावलीबाहेर पडल्यावर, रात्री साडेदहाच्या आसपास.

याच खेळावरून डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर यांनी 1676 मध्ये प्रकाशाला वेग असतो हे दाखवलं. पृथ्वी गुरूपासून लांब जात असते तेव्हा आयोची ग्रहणं, म्हणजे त्याचं गुरूच्या सावलीत शिरणं-सुटणं, उशिरा दिसत जातात, कारण प्रकाशाला वाट वाढते. फेब्रुवारीत आपण लांबच जात होतो. म्हणजे तोच उशीर माझ्या परसातही चालू होता. हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

शेजारच्या काकू शाल गुंडाळून आल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. गुरू आता माथ्यावर आला होता, त्यामुळे आयपीस त्यांच्या उंचीला बरोबर आली. "गुरूच्या कडेला बघू नका, जरा बाजूला, काळोखात बघा," मी म्हटलं. त्या न बोलता बघत राहिल्या. मी मधूनमधून नळी सरकवून देत होते.

"अगं, इथे काही नव्हतं!" त्या एकदम म्हणाल्या. "आत्ता आला. कुठून आला गं?"

मी डोळा लावला. कडेपासून चांगला बाजूला, रिकाम्या काळोखात, एक मंद ठिपका. पस्तीस-चाळीस मिनिटांपूर्वी निघालेला प्रकाश, आणि आमच्या परसात तो सगळ्यांत आधी काकूंनी पाहिला.

त्या चपला न घालताच काकांना उठवायला गेल्या. काका डोळे चोळत येईपर्यंत आयो चांगलाच उजळला होता.