डांबरगोळ्यांच्या वासाची गाडी

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हीत घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्यानं गॅरेजमध्ये नेऊन कापडाचा एक कोपरा उचलून दाखवला. चेहरा अगदी ट्रंकेतला शालू दाखवणाऱ्या माझ्या आजीसारखा. वासही तोच! उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून चारी चाकांपाशी डांबरगोळ्या ठेवल्या होत्या.

गाडी म्हणजे ब्यूक जीएनएक्स, १९८७ सालची. एकूण ५४७ बनल्या, सगळ्या काळ्याकुट्ट. मसल कारला, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकी गाडीला, आठ सिलिंडर हवेत असा रिवाज. हिला सहाच, पण जोडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. कंपनीनं कागदावर २७६ अश्वशक्ती लिहिली, खरी त्याहून जास्तच असं जाणकार म्हणतात. पेन्शनरांची समजली जाणारी ब्यूक त्या वर्षीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला सिग्नलवर मागे टाकायची, ही त्यातली खरी गंमत.

शेजाऱ्यानं ती नवीकोरी घेतली आणि झाकून ठेवली. तसं करणारे तेव्हा बरेच होते म्हणे. टायर एकाच जागी चपटे होऊ नयेत म्हणून तो महिन्याला तिला हातभर पुढे ढकलतो, पुढच्या महिन्यात हातभर मागे. बॅटरीला कायमचं सलाइन लावल्यासारखा चार्जर. चालवायची मात्र नाही. मैल वाढले की भाव उतरतो.

मी कोकणस्थ, हिशेब केल्याशिवाय झोप येईना. तेव्हाची किंमत २९,२९० डॉलर. २०२०च्या आसपास जवळजवळ न चाललेल्या जीएनएक्स लिलावात दोन लाखांच्या वर गेल्या. बत्तीस-तेहतीस वर्षांत सातपट, म्हणजे वर्षाला सहा टक्के! त्यातून विमा वजा, आणि विकली तर इथला संग्राह्य वस्तूंवरचा कर २८ टक्क्यांपर्यंत. बायको म्हणाली, "अहो, मग एफडी काय वाईट? तिला उंदीर तरी लागत नाहीत."

ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. रस्ता थेट पाँटिॲकला जातो, जिथे ही ब्यूक जन्मली तिथेच. शेजारी दरवर्षी न चुकता जातो. घडीची खुर्ची घेऊन, फुटपाथवर बसून इतरांच्या गाड्या बघायला. आपली का नेत नाही विचारलं, तर म्हणाला, "खडे उडतात."

गेल्या एप्रिलमध्ये पावसानं, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन नेलं. संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होतो, तोच शेजारून घशातल्या घशात गुरगुर आली. गॅरेजचं दार वर गेलं. काळं नाक हळूहळू बाहेर आलं, टपालपेटीपर्यंत पोचलं, थांबलं. त्यानं काचेतून आभाळाकडे पाहिलं. एक ढग होता, तोही दूर, पार लॅन्सिंगच्या बाजूला.

गाडी तशीच उलटी आत गेली. मैलांचा आकडा हलला का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.