कॅलेंडरवरचा शेतकरी

दिवाळी झाली की आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या प्रेसमध्ये कॅलेंडरांची घाई सुरू होते. पतसंस्था, खताची दुकानं, दूध डेअरी. डिझाइन माझ्याकडे असतं. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "वर शेतकऱ्याचं एक चांगलं चित्र टाका की." मग मी तोच जुना फोल्डर उघडतो. पिवळाधमक गहू, पांढरी पगडी, खांद्यावर नांगर आणि भाव नुकताच दुप्पट झाल्यासारखं हसू. इकडं खानापूरला भात, बेळगावच्या पश्चिमेला पावसाळी बटाटे नि रताळी, निपाणीला तंबाखू. तरी देशाचा शेतकरी म्हटलं की गव्हातच उभा पाहिजे.

यंदा एका गिऱ्हाइकाला फेटा हवा होता. दुसऱ्याला तोच फेटा "तिकडचा" वाटला. दोघांच्याही तारखा मराठी-कन्नड दोन्ही भाषांत, चित्र एकच. शेवटी फेटा पुसला, तर गडी टक्कल पडल्यासारखा दिसायला लागला!

त्या वैतागात रात्री घरी मोबाईलवर फ्रेंच चित्रकार मिलेचं 'अँजेलस' हे चित्र बघत बसलो होतो. नवराबायको बटाटे काढता काढता थांबलेत, लांब चर्चचा मनोरा, संध्याकाळची घंटा झालेली. पायाशी बुट्टी, शेजारी ढकलगाडीवर पोती. घंटा झाली की आपली आजी शेतातलं काम थांबवून सगळ्यांना प्रार्थना करायला लावायची, ती आठवण मिलेनं यात उतरवली. १८८९ च्या लिलावात हे चित्र अमेरिकेकडं गेलं, तेव्हा फ्रान्समध्ये केवढा गहजब! पुढच्या वर्षी शोशार नावाच्या बड्या दुकानदारानं आणखी पैसे मोजून ते परत आणलं. मिले १८७५ लाच गेला होता, त्याला त्यातलं काय मिळणार?

आई मागून आली. "काय बघूलालास रे?" चित्र मोठं करून दाखवलं. तिनं माणसांकडं नाही, बुट्टीकडं बघितलं. "एवढी मोठी पोती गाडीवर, नि बुट्टी अजून अर्धीच? आणि हात जोडायची घाई काय, भाव कळल्यावर जोडायचे." मग बाईकडं बघून म्हणाली, "हिची कंबर दुखालीय, बघ." मला ती बाई नुसती भाविक दिसत होती.

आमच्या गावाकडं बटाटे काढताना आई लुगड्यावर दादाचा जुना फुल शर्ट घालते. उन्हानं हात काळे पडू नयेत म्हणून. डोक्यावर टॉवेल. अशी बाई मी एकाही कॅलेंडरवर बघितली नाही, माझ्या स्वतःच्यासुद्धा.

टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून जाताना हे आठवतं. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनासाठी ती खोदली, गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढं एकच अधिवेशन. पुढं १९३६ ला फैजपूर आणि १९३८ ला हरिपुरा इथल्या अधिवेशनांत त्यांनी चित्रकार नंदलाल बोस यांना सजावटीसाठी बोलावलं. हरिपुऱ्याला बोस नि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांनी चित्रं केली: नांगऱ्या, पिंजारी, चांभार, ढोलकऱ्या. येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांना दिसावीत म्हणून ती मंडपांवर लावली. त्यातला नांगऱ्या कुठल्या प्रांतातला, असं कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तो काम करत होता, बास.

म्हणून यंदा एका डेअरीसाठी मी आईचंच चित्र काढलं. उकिडवी बसलेली, शर्ट, टॉवेल, मातीचे हात. मालकांनी चष्मा वर केला. "बाई चांगली आहे हो. पण शेतकरी कुठाय?"

पांढरी पगडी छापली. एक प्रत घरी नेली, आईनं ती स्वयंपाकघरात लावलीय. दुधाचा हिशोब त्याच्या पायाखालीच लिहिते.