सबैन (सत्तर) की तिसैन (नव्वद)? जुन्या कागदाच्या सालाचं कोडं सुटलं एकदाचं!

मंडळी, मागच्या वेळी आमच्या आगराचं (नारळ-सुपारीच्या बागेचं) गहाणखत धाकट्यांच्या, म्हणजे नातवाच्या नावावर टाकलं होतं ना, ते चुकलं. कागद थोरल्यांचा, म्हणजे आजोबांचा आहे!

आमचा घोळ तुम्हाला माहीतच आहे, आजोबाचं नाव नातवाला, वडिलांचं नावही तसंच फिरून येणारं, म्हणजे 'अमुक बिन (चा मुलगा) तमुक' दोघंही तेच. मग साल हाच आधार. मोडीत 'इसन्ने' (दोन) स्पष्ट, पुढच्या शब्दाचं सुरुवातीचं अक्षर कसरीने खाल्लेलं, मधलं पुसट, मग 'मया व अलफ' (शंभर आणि हजार). मी तिसैन वाचलं, सुहूर सन (जुन्या कागदांत अरबी शब्दांत लिहायचं ते साल) 1192, म्हणजे इ.स. 1791-92, आणि चार महिने त्यावरच वंशाचं झाड रचत बसलो.

रविवारी बीबीसीच्या 'हू डू यू थिंक यू आर' या पूर्वज शोधायच्या कार्यक्रमाचा 2016 मधला, इंग्लिश नट डॅनी डायरचा भाग परत बघितला. तासाभरात माणूस थेट चौदाव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजापर्यंत, तिसऱ्या एडवर्डपर्यंत पोचतो, वाटेत पूर्वज म्हणून आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल लागतो, आणि चर्चमध्ये बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूच्या वह्या ठेवायचा 1538 चा हुकूम त्याचाच! आपल्या गुहागरात कुठली तशी वही, म्हटलं आहे त्या कागदाचीच तारीख पुरती पिळून काढू.

वर 'छ 12 रमजान' ('छ' म्हणजे चंद्र, हिजरी तारीख) आहे आणि मजकुरात 'चालू मार्गशीर्ष मासी'. हे दोन्ही मी शंभरदा वाचलेत पण शेजारी ठेवून कधी बघितलंच नाही! हिजरी महिने दरसाल 11 दिवस मागे सरकतात. 1792 चा रमजान एप्रिल-मेमध्ये, म्हणजे वैशाखात, तिथे मार्गशीर्ष येणारच नाही. 1771 चा डिसेंबरात, बरोब्बर मार्गशीर्षात. सबैन! सुहूर 1172! रात्री दीडला आईला उठवून सांगितलं.

म्हणजे 'बिन' नंतरचं नाव थोरल्यांच्या वडिलांचं, अख्खी एक पिढी वर मिळाली.

फोटोबद्दल एक, स्कॅनिंग अ‍ॅपने काळं-पांढरं अजिबात करू नका, फिकट शाई उडून जाते, मी त्यातच फसलो. साधा रंगीत फोटो आणि बाजूने आडवा टॉर्च.

आता त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत (यात्रेकरूंच्या वंशावळी असतात ती) या नव्या पूर्वजाचा शोध घ्यायचा, पुढच्या महिन्यात जाणार होतो... पण थांबा, लिहिताना सुचलं, खतात चतुःसीमा आहे! पूर्वेला ज्यांचा आगर लिहिलाय त्यांचं घर अजून वरच्या पाखाडीला आहे, आणि त्यांच्या माळ्यावर मोडी कागदांची पेटी आहे असं काका म्हणायचे. त्र्यंबक नंतर, आधी शनिवारी तिकडे.