गॅरेजमधली झिनफँडेल, दुसरा हंगाम: मनुक्यांनी फसवलं

१४ सप्टेंबर. घरी वाइन करायला कॅलिफोर्नियातल्या लोडायहून ९० किलो झिनफँडेल (लाल वाइनची द्राक्षं) आणली. हिचे घड म्हणजे एका पंगतीत तीन पिढ्या: काही मणी अजून गुलाबी, बरेचसे पिकलेले, काही वेलीवरच सुकून मनुका झालेले. देठ काढून चुरली, साडेपाच ग्रॅम केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, नको ते जंतू रोखणारी पूड) टाकलं. ब्रिक्स (रसातली साखर, साधारण टक्क्यांत) २४.२. मी खूश.

१६ सप्टेंबर. यीस्ट घालण्याआधी सहज पुन्हा मोजलं तर २६.८! आधी वाटलं रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं उपकरण) बिघडला. निफाडला आईला फोन केला, तर ती म्हणाली, "अरे, मनुके भिजत घातल्यावर पाणी गोड होतं ना? मग?" जन्म द्राक्षबागेत गेला आणि हे सुचलं नाही. सुकलेल्या मण्यातली साखर रसात उतरायला दोन दिवस लागतात, पहिल्या दिवशी ती मोजमापात येतच नाही. २६.८ म्हणजे १५ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल, आणि यीस्ट मध्येच दमायची भीती. म्हणून साडेचार लिटर पाणी घालून २५ वर आणलं. नुसतं पाणी घातलं तर आंबटपणा पडतो, त्यामुळे त्यात २७ ग्रॅम टार्टरिक आम्ल विरघळवलं.

१९ सप्टेंबर. ब्रिक्स १८. झाकण उघडलं आणि कुजक्या अंड्यांचा वास! यीस्ट उपाशी होतं, रसात नायट्रोजन कमी. यीस्टचं खाद्य दिलं, हवा लागेल असं जोरात ढवळलं. दुसऱ्या दिवशी वास गेला. यात आळस केला असता तर हंगाम वाया.

मधले दिवस सारखेच: वर येणारा सालांचा थर दिवसातून तीनदा खाली दाबायचा. हात कोपरापर्यंत जांभळे, ऑफिसात सगळे विचारतात.

२६ सप्टेंबर. हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) शून्याच्या खाली, म्हणजे साखर संपली. पिळून १९ लिटरचे तीन कार्बॉय (अरुंद तोंडाचे मोठे बुधले) भरले, वर चार लिटरचा एक जग (कार्बॉयमधली पातळी उतरली की भर घालायला). चव सध्या करकरीत, जिभेला ओढणारी, पण मागे काळ्या मिरीचा वास आहे, तो मला हवाच होता.

अण्णांना हिशेब सांगितला. त्यांचं आयुष्य थॉम्पसन द्राक्षांच्या बागेत गेलं. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी). इथे वर्षातून एकदाच छाटतात, हे त्यांना अजून पटत नाही. म्हणाले, "नव्वद किलोचे एकसष्ट लिटर? आणि त्यातलं साडेचार तुझं पाणी!"

पुढच्या वेळी पहिलं मोजमाप अठ्ठेचाळीस तासांनीच लिहीन. मॅलो (तिखट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारं दुसरं आंबवण) सुरू झालं आहे, कार्बॉयला कान लावला की चुरचुर ऐकू येते.