दीड ग्रॅमचं पिल्लू

नुकतं जन्मलेलं उंदराचं पिल्लू जेमतेम दीड ग्रॅमचं असतं. कातडी इतकी पातळ, की उजेडात धरलं तर गालाजवळची काळपट शीर दिसते. त्या शिरेत सुई घालायला शिकण्यात अमेरिकेतल्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचा, माझा पहिला हिवाळा गेला. पुण्यात पीएचडी करताना काम फक्त पेशींवर केलेलं. शीर बरोबर लागली तर ती क्षणभर पांढरी पडते. चुकली तर कातडीखाली फुगवटा येतो आणि पिल्लू प्रयोगातून बाद.

ज्या आजारावर आम्ही काम करत होतो तो होता एसएमए, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. यात एसएमएन१ हा जनुक नसतो किंवा बिघडलेला असतो, आणि स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत जातात. बाळ सगळं समजून हसतं, पण मान धरत नाही. मग चांगला जनुक बाहेरून द्यायचा, एएव्ही९ या विषाणूच्या कवचात घालून. शिरेतून दिलेला हा विषाणू नवजात उंदराच्या चेतापेशींपर्यंत पोचतो, हे २००९ मध्ये ओहायोतल्या कोलंबसच्या संशोधकांनी दाखवलं. त्यांचा २०१० चा निबंध मी कितीदा वाचला असेन! हा आजार असलेली, एरवी १५ दिवसांत दगावणारी उंदराची पिल्लं, पहिल्याच दिवशी विषाणू मिळाला तर २५० दिवसांच्या पुढे जगली. पाचव्या दिवशी दिला तर अर्धवटच फायदा. दहाव्या दिवशी जवळजवळ काहीच नाही.

मोठ्या मात्रेचा ताण यकृतावर येतो. म्हणून जनुक चालू करणारा प्रमोटर बदलून कमी विषाणूत भागेल का, हे आम्हाला पाहायचं होतं.

विषाणू आम्हीच बनवायचो. पेशींत तीन प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, सोडायचे, तीन दिवसांनी पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून विषाणूचा थर सुईने ओढून घ्यायचा. मग पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या मशीनवर, मोजणी; तिचा आकडा म्हणजे टायटर. इथे माझी चूक झाली. कवचाबाहेर उरलेला प्लाझ्मिड डीएनेझ एन्झाइमने आधी नष्ट करावा लागतो, नाहीतर तोही विषाणू म्हणून मोजला जातो. माझं एन्झाइम निकामी झालं होतं, आणि ते लक्षात आणून देणारी कंट्रोलची, म्हणजे पडताळणीची, नळी मी ठेवलीच नव्हती. कागदावरचा आकडा भरघोस, पिल्लांना मिळालेला विषाणू मात्र त्याच्या कितीतरी कमी. सोळाव्या दिवसापर्यंत सगळी गेली. मी प्रमोटरलाच दोष देत बसले आणि पाच महिने हातचे गेले. रोज सकाळी ज्यांचं वजन करत होते ती पिल्लं माझ्या निष्काळजीपणामुळे वाया गेली, हे आजही मनाला लागतं.

सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. तेराव्या दिवशी एका पिल्लाला पाठीवर ठेवलं. आजारी पिल्लं तशीच पडून राहतात. हे मात्र दोन सेकंदांत उलटं होऊन चालू लागलं. मी खात्रीसाठी तीनदा ठेवलं, तिन्ही वेळा उलटलं.

त्याच काळात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, एएव्ही९ मधून जनुक देण्याच्या याच उपचाराच्या, १५ बाळांवरच्या चाचणीचे निकाल छापून आले. २० महिन्यांची होईपर्यंत सगळी जिवंत होती. जास्त मात्रा मिळालेल्या १२ पैकी ११ आधाराशिवाय बसली, दोघं चालली. मे २०१९ मध्ये या औषधाला झोल्गेन्स्मा या नावाने अमेरिकेत मान्यता मिळाली, किंमत २१ लाख २५ हजार डॉलर.

त्यानंतर महिनाभराने सांगलीहून मावशीचा फोन आला. "अगं, आमच्या शेजारच्या बाळाला तूच काम करतेस तो आजार निघालाय. आता काय करायचं?" मी आधी विचारलं, "किती महिन्यांचं आहे गं?"

"आठ."

मला ती दहाव्या दिवसाची पिल्लं आठवली. औषध तेव्हाही देता येतं, उपयोगही होतो. पण मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. अमेरिकेत २०१८ मध्ये एसएमएचा समावेश नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांत झाला. आपल्याकडे ही तपासणी सरसकट होत नाही.

मी आता पुण्यात परत आले आहे. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून एसएमए ओळखणारी स्वस्त चाचणी बसवायचं काम चालू आहे. मशीन तेच, पीसीआरचं. पहिल्या खाचेत कंट्रोल असतो, आणि तो मी स्वतः भरते.