दहा तेवेत

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. माझं बालपण अलिबागजवळ गेलं. पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणे. धर्मावरून कुणी कधी छळलं नाही. नवस फेडायचा, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा, आभार मानायचे, एवढीच माझी भक्ती. देवाशी भांडणारा यहुदी मी इस्रायलमधल्या अश्दोदला, वृद्धाश्रमात नर्स झाल्यावर, पहिल्यांदा पाहिला.

ते ८१ वर्षांचे, पोलंडमधल्या वूचचे. रक्तदाब घेताना डाव्या हातावर नाझी छावणीत गोंदलेला निळसर नंबर दिसायचा. वडील घेट्टोत, नाझींनी यहुद्यांना कोंडलेल्या वस्तीत, उपासमारीने गेले. तेव्हा तेरा वर्षांच्या या मुलाने त्यांच्यासाठी कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हटला. ऑगस्ट १९४४ मध्ये ऑश्वित्झच्या मृत्यूछावणीत उतरल्यावर आईला आणि बहिणींना दुसऱ्या, मरणाच्या रांगेत पाठवलं. त्या दिवसापासून प्रार्थना बंद.

ज्यांच्या मरणाचा दिवस कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी इस्रायलमध्ये तेवेत या हिब्रू महिन्याच्या १० तारखेला, उपासाच्या दिवशी, कद्दीश म्हणतात. डिसेंबर २०१० मध्ये त्या दिवशी आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, या म्हातारबाबांच्या खोलीत आले. त्यांनी वॉर्सा घेट्टोतल्या रब्बी कलोनिमुस शापिरांची प्रवचनं सांगितली. दुधाच्या कॅनमध्ये घालून पुरलेली ती पानं १९५० मध्ये सापडली. शापिरांना नाझींनी १९४३ मध्येच मारलं होतं. त्यांनी लिहिलंय, देव आतल्या खोलीत बसून रडतो.

"रडत होता तर बाहेर यायचं होतं," म्हातारबाबा म्हणाले.

रब्बींनी वाद घातला नाही. फार बरं केलं. थोड्या वेळाने बाबाच मला म्हणाले, "कद्दीशला लागतात ते दहा पुरुष जमव. त्याच्यासाठी नाही, आईसाठी."

वॉचमन, स्वयंपाकघरातली मुलं, भेटायला आलेले जावई, असे नऊ जमले. शेवटी पनवेलच्या आजोबांना उठवलं.

"अगं पोरी, मला त्यांच्यासारखं नीट म्हणता येत नाही."

"आमेन येतं ना, आजोबा? चला."

कद्दीशमध्ये मृत्यूचा एक शब्द नाही, सगळी देवाची स्तुती. ती या माणसाच्या तोंडून कशी निघणार, याची मला धास्ती होती. त्यांनी आधी आईचं नाव घेतलं, मग दोन्ही बहिणींचं. पुस्तक मिटून ठेवलं.

कद्दीशचा पहिला शब्द आम्ही म्हणतो 'यितगदल'. ते म्हणाले 'यिसगदल', वडिलांच्या घरातला उच्चार. साठ-पासष्ट वर्षं हिब्रू बोलत आलेल्या माणसाची जीभ एका शब्दात वूचला गेली. पहिल्या ओळीनंतर ते थांबले. कुणी पुढचा शब्द सुचवला नाही. मागून पनवेलच्या आजोबांनी मोठ्याने आमेन म्हटलं, तेव्हा ते पुढे बोलू लागले.